फुप्फुसाचा जुना आजार आणि खाणंपिणं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात डायटिशियन आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत छातीचे पेशंट बरेच, म्हणजे सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं), जुना दमा, ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या सैल पडून त्यात कफ साठणं), आयएलडी (फुप्फुस घट्ट, जाड होत जाणं), टीबी बरा होऊनही मागे राहिलेला दम, असं सगळं. माझ्या वडिलांनाही सीओपीडी आहे, त्यामुळे खालची काही उत्तरं अभ्यासातली आहेत आणि काही आमच्या ओट्यावरची. व्हॉट्सॅपवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा नीट लिहून काढले. किडनी, हार्ट किंवा शुगरचा त्रास असेल तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य आधी, मग माझं.

१. दम लागतो म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तुमच्याकडे का पाठवलं? जेवणाचा काय संबंध?

श्वास घेणं हे पण स्नायूंचंच काम आहे, आणि सीओपीडीमधे हवा आत अडकून छाती फुगलेली राहते, पोट आणि छातीमधला डायफ्रॅम सपाट होतो, मग मानेच्या न् खांद्याच्या स्नायूंनाही जुंपावं लागतं. आपण ज्या कामाकडे लक्षही देत नाही त्यात या माणसाच्या दिवसभर कॅलरी जळत असतात. त्यात जेवताना दम लागतो म्हणून घास कमी होतात. जमा कमी आणि खर्च जास्त झाला की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, श्वासाचे स्नायूसुद्धा, आणि मग दम अजून वाढतो. २००४ पासून डॉक्टर सीओपीडीची गंभीरता मोजायला बोड नावाचा एक इंडेक्स वापरतात, त्यात फुंकर मारायची टेस्ट, दम किती लागतो आणि सहा मिनिटांत किती चालता येतं याच्या जोडीला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, पण धरलाय. म्हणजे बारीक होणं हे आजाराचंच एक माप आहे, "वयानुसार होतंच" म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

२. वजन किती असलं म्हणजे काळजी करायची? बाबा तर पहिल्यापासूनच काटक आहेत.

बोडमधे बीएमआय २१ किंवा त्याखाली गेला की तो धोक्यात धरतात. उंची १६५ सेंमी असेल तर ते साधारण ५७ किलो होतात. पण माझं लक्ष आकड्यापेक्षा उताराकडे जास्त असतं. सहा महिन्यांत काही न करता ५ टक्के वजन गेलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर पहिल्यापासून काटक असो नाहीतर धिप्पाड, डॉक्टरांना सांगायचंच. आठवड्यातून एकदा, सकाळी संडासला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. घड्याळाचा पट्टा सैल होणं, पायजम्याची नाडी जास्त ओढावी लागणं, हे घरच्यांना काट्याच्या आधी दिसतं. एकच घोळ म्हणजे पायावर सूज असेल तर पाण्याचं वजन खरी घट झाकून टाकतं (प्रश्न ९ बघा).

३. माझं उलट आहे, पोट सुटलंय. रात्रीचं जेवण बंद करून १५ किलो उतरवू का?

नको. सुटलेलं पोट डायफ्रॅमला वर ढकलतं हे खरंय, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं पण वाढतं, त्यामुळे लठ्ठपणा असेल तर वजन कमी करायला पाहिजेच. पण उपासमार केली की चरबीबरोबर स्नायू पण जातात आणि ते परत मिळवणं या आजारात फार जड जातं. तळण, गोड, बेकरी कमी करा, प्रोटीन पूर्ण ठेवा (प्रश्न ५), झेपेल तेवढं चाला आणि महिन्याला एक-दीड किलो उतरलं तरी खूष व्हा. आणि सीओपीडी आहे पण वजन थोडंसंच जास्त आहे, तर मी बहुतेकदा त्याला हातही लावत नाही.

४. दही, केळं, दूध, भात बंद केलंय कारण कफ होतो. बरोबर केलं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझं सगळ्यात जास्त डोकं यावरच फिरतं. कारण पेशंट आधीच ५० किलोचा, आणि शेजारच्या काकू, भाऊजी, गावाकडची आत्या अशा प्रत्येकाने एकेक पदार्थ बंद करत आणलेला, शेवटी ताटात उरतं काय तर दुधीची भाजी आणि दोन फुलके.

दुधाने फुप्फुसात कफ जास्त तयार होतो असं तपासून बघितल्यावर आढळलेलं नाही. दूध लाळेत मिसळलं की थोडा वेळ घशाला दाटसर लागतं, ते आपल्याला कफासारखं वाटतं. तेवढंच असेल तर वरून दोन घोट कोमट पाणी प्या. केळ्याचंही तसंच, मऊ असतं, चावायला दम लागत नाही, सोलायला चाकू लागत नाही, या आजाराला इतकं सोयीचं फळ दुसरं नाही. दही ताजं, घरी विरजलेलं, फ्रीजमधून आधी काढून ठेवलेलं खा. गार खाल्ल्यावर ज्यांना खोकल्याची उबळ येते त्यांना ती गारव्याने येते. सिंहगडावर वर गाडीने जाऊन मडक्यातलं दही खाऊन आलेले आणि काहीही न झालेले माझे पेशंट आहेत.

आता अपवाद. एखादा पदार्थ खाल्ला की दरवेळी तासाभरात छातीत घरघर होते, अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना विचारा. दम्याच्या काही लोकांना सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन) बाधतं, ते केशरी चकचकीत जर्दाळूत, काही बाटलीबंद सरबतांत आणि वाइनमधे असतं. काळपट जर्दाळू बहुतेकदा बिनसल्फाइटचा असतो, पण पाकीट वाचून घ्या. आणि तुम्हाला स्वतःला एखादी गोष्ट नक्की सोसत नसेल तर नका खाऊ, फक्त तिच्या जागी तेवढंच पोषण देणारं दुसरं काहीतरी ताटात आलं पाहिजे, जागा रिकामी सोडायची नाही.

५. प्रोटीन किती लागतं? आम्ही अंडंसुद्धा खात नाही.

अशा पेशंटला साधारण किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. म्हणजे ५५ किलोला ६६ ते ८२ ग्रॅम. नेहमीच्या वरण-भात-भाजी-पोळीत जेमतेम ४० होतात, म्हणून मुद्दाम घालावं लागतं. शाकाहारी घरातला एक दिवस असा बसतो: दोन ग्लास दूध म्हणजे १३ ग्रॅम, वाटीभर दही ५, दोन वाट्या घट्ट वरण १४ (पातळ फोडणीचं पाणी नव्हे, चमचा उभा राहील असं), मूठभर शेंगदाणे ७, पन्नास ग्रॅम पनीर ९, पंचवीस ग्रॅम कोरडे सोयाबीन वडे भिजवून भाजीत १३, आणि तीन पोळ्या-भाकरींचे ११. झाले ७२. सोया आवडत नसेल तर फुटाण्याचं पीठ ताकात, मुगाचं धिरडं, सिंहगडछाप पिठलं. अंडी चालत असतील तर काम एकदम सोपं, एका अंड्यात ६ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर मात्र हा हिशोब तुम्हाला लागू नाही, तुमचा वेगळा मांडावा लागेल.

६. आई चार घास खाते आणि दमते, ताट बाजूला सारते. भूक आहे, खाता येत नाही.

चावताना आणि गिळताना श्वास मधेमधे थांबवावा लागतो, शिवाय भरलेलं पोट खालून दाबतं, त्यामुळे जेवण हे तिच्यासाठी जिना चढण्यासारखं काम आहे. त्या कामाची तयारी करा.

जेवणाआधी अर्धा तास आराम, आंघोळ करून लगेच पाटावर नाही. नेब्युलायझर किंवा फवारा डॉक्टरांनी ज्या वेळा दिल्यात त्या जेवणाच्या आधी बसवता येतात का विचारून घ्या, कफ सुटून गेला की जेवण बरं जातं. खाली मांडी घालून जेवायचा हट्ट सोडा, त्यात पोट दुमडतं. खुर्ची-टेबल, पाय जमिनीवर, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवलेली, याने खांद्याच्या स्नायूंना आधार मिळतो. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान. जास्तीत जास्त जेवण सकाळी उरकून घ्या कारण संध्याकाळपर्यंत माणूस थकलेला असतो. मऊ खिचडीवर तूप, नाचणीची दुधातली खीर, उपमा, मऊ भाताची पेज, कुस्करलेली भाकरी वरणात किंवा दुधात. उकडीचा मोदक चालतो आणि त्यावरची तुपाची धार तर मी औषध म्हणून लिहून देईन. चिवडा, भडंग, शेव, भुरभुरणारा लाडू हे टाळा, त्याचा कण घशात उडाला की ठसका आणि पुढे अर्धा तास दम.

ऑक्सिजन चालू असेल तर नाकातली नळी जेवताना काढायची नाही. पुष्कळ घरांत "जेवेपर्यंत काढून ठेवू" म्हणतात आणि नेमकं तेव्हाच ऑक्सिजन खाली येतो. आमच्याकडे पण हेच चालायचं, वडिलांना पाहुण्यांसमोर नळीची लाज वाटायची, एकदा बोटाला मशीन लावून त्यांनाच आकडा दाखवला तेव्हा ऐकलं.

७. पोट फुगतं आणि मग श्वासच घेता येत नाही.

कोबी, फ्लॉवर, कच्चा कांदा, मोड न आणलेली कडधान्यं, सोडा घातलेली पेयं आठवडाभर बंद करा आणि मग एकेक परत आणून बघा कोणाचा हात आहे. सगळी कायमची बंद करू नका. जेवताना घटाघटा पाणी नको, स्ट्रॉ नको, त्याने हवा पोटात जाते. संडासला कुंथावं लागत असेल तर दमही लागतो, त्यासाठी भिजवलेलं अंजीर, पपई, इसबगोल आणि पुरेसं पाणी. रात्रीचं जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा, आंबट ढेकर घशाशी येऊन पण खोकला वाढतो.

८. पोळी-भाताने शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढतो असं वाचलं, मग बंद करायचं का?

अर्धं खरंय. पिठूळ-गोड पदार्थ जळताना वापरलेल्या ऑक्सिजनइतकाच कार्बन डायऑक्साइड निघतो, तेला-तुपाच्या बाबतीत तो साधारण ०.७ पट निघतो, प्रोटीनचा साधारण ०.८. म्हणून एकेकाळी अशा पेशंट्सना भरपूर फॅट आणि अगदी कमी कार्ब देण्याची टूम होती. पण घरात नेहमीचं जेवणाऱ्या माणसाला पोळी-भाताच्या प्रमाणापेक्षा एका वेळी गरजेहून जास्त कोंबण्याने जास्त त्रास होतो. भात ठेवा, वाटी लहान करा, वर तूप घाला. चमचाभर तुपात जागा न खाता ४५ कॅलरी मिळतात, बारीक माणसासाठी ही सोन्यासारखी गोष्ट आहे. ज्यांचा कार्बन डायऑक्साइड रिपोर्टमधेच वाढलेला येतो, रात्री बायपॅप (मास्कमधून हवा देणारं मशीन) लागतं, त्यांनी साखर, सरबतं, मिठाई खरंच कमी करावी, आणि दारूपासून तर लांबच राहावं, कारण ती श्वासाचा जोर अजून मंदावते.

९. पाणी भरपूर प्या म्हणतात, पण डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय. खरं काय?

दोन्ही, वेगवेगळ्या माणसांसाठी. सूज नसेल, हार्ट-किडनी ठीक असेल तर दिवसाला दीड-दोन लिटर, म्हणजे कफ पातळ राहतो आणि सुटतो. पण जुन्या फुप्फुसाच्या आजारात हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन पाय सुजायला लागतात, तेव्हा पाण्याचा आकडा डॉक्टरांनी दिला तोच. दोन दिवसांत वजन दीड किलो वाढलं आणि मोज्याचा वळ पायावर राहायला लागला, तर ते "अंगाला लागलं" नाहीये, फोन करा.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, तेही सगळ्यांतून मिळून. स्वयंपाकातलं मीठ लोक कमी करतात आणि मग पोळीबरोबर लोणचं, पापड, चटणी, चार वाजता फरसाण, रविवारी मिसळीचा दुसरा रस्सा. तिथे धरा. एक खुबी अशी की बाजारात मिळणाऱ्या "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं, काही बीपीच्या गोळ्या चालू असतील किंवा किडनी कमजोर असेल तर ते धोक्याचं, विचारल्याशिवाय वापरू नका. आणि सूज उतरायची गोळी, म्हणजे लॅसिक्ससारखी, चालू असेल तर उलट पोटॅशियम कमी होऊ शकतं. त्यामुळे केळं-नारळपाणी चांगलं की वाईट याचं एकच उत्तर नसतं, ते तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर आहे.

१०. स्टिरॉइड चालू आहेत. खाण्यात काय बदलू?

तोंडाने घ्यायच्या गोळ्या आणि इन्हेलर यात फरक करा. गोळी सकाळी, काहीतरी खाऊनच. तिने भूक वाढते, दुपारनंतर शुगर चढते (सकाळची उपाशीपोटी नॉर्मल येते म्हणून फसू नका, जेवणानंतरची बघा), मीठ-पाणी शरीरात धरून राहतं, आणि महिनोन्महिने घेतली तर हाडं आणि स्नायू दोन्ही झिजतात. म्हणून कॅल्शियम: दूध, दही, नाचणी, तीळ. मोठ्या माणसाला दिवसाला १,००० मिलीग्रॅम लागतं आणि ग्लासभर गाईच्या दुधात साधारण २४० असतं, त्यावरून अंदाज घ्या. व्हिटॅमिन डी पुण्यातल्या उन्हातही पुष्कळांचं कमी निघतं कारण हे पेशंट घराबाहेरच पडत नाहीत. एकदा तपासा. डी खूपच कमी, म्हणजे रिपोर्टमधे १० नॅनोग्रॅम/मिलीच्या खाली असेल, तर ते भरून काढल्याने सीओपीडीचे अटॅक कमी होतात, आधीच पुरेसं असेल तर वरून घेऊन काही मिळत नाही.

स्टिरॉइडच्या इन्हेलरनंतर चूळ भरून थुंका, दरवेळी. नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो, तोंडाची चव जाते, आणि घरचे म्हणतात हल्ली यांना काही आवडतच नाही.

११. ज्येष्ठमध, काढा, च्यवनप्राश, हळद-दूध चालेल?

हळद-दूध खुशाल. च्यवनप्राशात साखर भरपूर, शुगर असेल तर सोडा. काढ्यात मिरी-सुंठ जास्त झाली की पित्त वर येतं. मला खरी भीती ज्येष्ठमधाची वाटते, कारण तो निरुपद्रवी समजला जातो आणि दिवसभर गालात धरला जातो. जास्त दिवस, जास्त घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, आणि या पेशंटचं पोटॅशियम उतरवायला आधीच स्टिरॉइड, लॅसिक्स आणि साल्ब्युटॅमॉलचा (श्वासनळ्या मोकळ्या करायचा) फवारा असे तिघे बसलेले असतात. पोटॅशियम फार खाली गेलं की हृदयाचे ठोके चुकतात. घसा बसला म्हणून एखाद दिवस कांडी चघळली तर ठीक, रोजची सवय नको.

१२. औषधांबरोबर चहा, कॉफी, दूध?

डेरिफायलिन (श्वासनळ्या मोकळ्या करायचं औषध) चालू असेल तर चहा-कॉफी दिवसाला एक-दोन कपांवर ठेवा, दोघांची जात एकच, छातीत धडधड आणि हात थरथरणं वाढतं. याचाच एक भाऊ: बिडी-सिगरेटमुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे सोडल्यावर तोच डोस जास्त पडू शकतो, म्हणून सोडली की डॉक्टरांना सांगा (सोडाच, हे वाचून परत सुरू करू नका). छातीच्या इन्फेक्शनला लिव्होफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन दिलं असेल तर दूध, दही, कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा, नाहीतर औषध पोटातच अडकतं.

१३. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. उपास सोडवत नाही.

माझ्या आजीलाही सोडवत नव्हता, त्यामुळे मी सोडा म्हणत नाही. निर्जळी नको आणि नुसती साबुदाण्याची खिचडी नको, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पीठ, त्यात जे काही प्रोटीन ते दाण्याच्या कुटाचं. वऱ्याच्या तांदळाबरोबर दाण्याची घट्ट आमटी, राजगिऱ्याची खीर, दही, ताक, पनीर, दूध-केळं, असा दर दोन-तीन तासांनी उपास करा. नऊ दिवसांचा सलग मात्र बीएमआय २१ च्या खाली असताना मी कोणालाच करू देत नाही, उठता-बसता धरावा. गोळ्या उपासाला चालतात. हे पण विचारतात म्हणून लिहिलं.

१४. टीबी बरा झाला पण दम राहिला. सरकारकडून पोषणाचे पैसे मिळतात ना?

निक्षय पोषण योजनेत टीबीचं औषध चालू असेपर्यंत पैसे थेट खात्यात येतात, २०१८ मधे महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. कोर्स संपला की तेही संपतात. आहार मात्र संपत नाही, कारण टीबीत गेलेले स्नायू आपोआप भरत नाहीत, तेव्हा प्रश्न ५ आणि ६ तुम्हाला जसेच्या तसे लागू.

१५. आयएलडीसाठी पिरफेनिडोन सुरू झालंय, अन्नाकडे बघवत नाही.

हे औषध भरल्या पोटी घ्यायचं, जेवणाच्या अगदी मधोमध घेतलं तर मळमळ कमी होते असा माझ्या पेशंट्सचा अनुभव. कोरडी भाकरी, लिंबू, आलं, वास न येणारे थंडसर पदार्थ जातात. त्वचेला ऊन बाधतं, तेव्हा एप्रिलमधे दुपारी भाजी आणायला मंडईत जायचं काम दुसऱ्याला द्या. आयएलडीचंच दुसरं औषध, निन्टेडॅनिब, असेल तर तेही खाऊनच, त्रास जुलाबाचा: मऊ भात, ताक, ओआरएस, आणि दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर. वजन दोन्हींत उतरतं, काटा विसरू नका.

१६. ऑक्सिजन लावून स्वयंपाक करू शकते का? आणि फोडणीचा ठसका?

पेटत्या गॅसपाशी नळी लावून उभं राहायचं नाही, निदान तीन मीटर लांब. ऑक्सिजनमधे कपडा भसकन पेटतो. देवाजवळची निरांजन, उदबत्ती पण त्यातच आली. ओठ-नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन नको, पाण्याचा बेस असलेलं जेल लावा. ज्या बायकांनी आयुष्यभर स्वयंपाक केलाय, कित्येकींनी चुलीवर, आणि त्या धुरानेच हा आजार झालाय, त्यांना ओट्यापासून लांब बसवणं सोपं नसतं, मला ठाऊक आहे. त्यांना टेबलाशी बसून भाजी निवडायला द्या, मोदकाच्या पाऱ्या करायला द्या. फोडणी दुसऱ्या कोणीतरी, खिडकी उघडून, मिरची तेलात न जाळता. थंडीत हुरड्याला न्यायचं असेल तर जरूर न्या, पण भट्टीच्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची टाकून द्या आणि हुरडा तिथे नेऊन द्या.

१७. पाणी पितानाच ठसका लागतो, जेवताना नाही. त्यात काय एवढं?

आहे. पाणी पातळ, पटकन घसरतं, आणि दम लागत असताना श्वास आणि गिळणं यांचा ताळमेळ चुकला की ते श्वासनलिकेकडे जातं. अधूनमधून सगळ्यांनाच होतं, पण रोज होत असेल, पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर येत असेल किंवा वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया झाला असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या, ती स्पीच थेरपिस्ट करतात. तोपर्यंत ताठ बसून, हनुवटी जरा खाली, लहान घोट, एका घोटानंतर श्वास, मग दुसरा. झोपलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी घालायचं नाही. आणि पेशंट नेहमीपेक्षा झोपाळू झालाय, असंबद्ध बोलतोय, ओठ निळसर दिसतायत, तर खायला काय देऊ हा मेसेज मला करू नका, १०८ लावा.